सत्तर-तीस

४ मे २०२५, रविवार

जुनी वही भरली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर माणूस आपलं नाव लिहितो. मी हातांनी काय काय केलं ते लिहितो. नाव त्यातच आलं.

दुकानातला काउंटर, ओकचा, पाडलेल्या चॅपलच्या बाकांपासून, एकही खिळा न मारता. त्यामागचे चोवीस खण. गिऱ्हाइकांनी चवी घेऊन बघायचं बाकडं, सहा जणांचं. तारेचे वेढे घालायचं यंत्र, जुन्या शिवणयंत्राच्या मोटरवर चालणारं. एकशे बारा लाकडी वेप, मी त्यांना पेट्या म्हणतो: आत बॅटरी, वर काचेची टाकी, ज्याच्या त्याच्या पंजाच्या मापाने तासलेले. पहिला ग्लेनिससाठी, २०१२ साली, अक्रोडाचा. त्याच्या जोरावर माझ्या बायकोने बावीस वर्षांची सिगारेट अकरा दिवसांत सोडली. एकवीस चवी, एकही दुसऱ्याच्या कृतीवरून नाही. दारावरची पाटी, अक्षरंही माझीच. आणि कार्डं. त्यांच्या रेघासुद्धा मी मारतो. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक: निकोटिन किती मिलिग्रॅमवर सुरू केलं, आज कितीवर आहे, पुढे उतरायची तारीख कोणती. अठरावरून बारा, बारावरून सहा, सहावरून तीन, तीनवरून शून्य. चारशे सहा कार्डं. त्यांतल्या एकशे एकोणनव्वदांवर हिरव्या शाईतलं शून्य.

यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, सव्वीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली, कारखाना बंद झाला तेव्हा हे उभं केलं.

आता मुद्दा. फेकून द्यायचे वेप विकायला १ जूनपासून बंदी आहे. दुकानाचा भाडेकरार २९ सप्टेंबरला संपतो. मालकाला तोवर पुढच्या पाच वर्षांची सही हवी, नाहीतर किल्ल्या. सध्या दिवसाला चार-पाच गिऱ्हाइकं येतात. चार-पाचांवर सही करता येत नाही. पण अख्खं पॅडियम गाव त्या फेकायच्या नळकांड्या ओढतंय, आणि त्या बंद झाल्या की लोक जाणार कुठे? भरून वापरायच्या खऱ्या वस्तूकडेच. म्हणजे माझ्याकडे.

अजून अठ्ठावीस दिवस.

१३ मे, मंगळवार

दोनशे चाळीस बाटल्या भरून मुरायला ठेवल्या. अंधाऱ्या खणात, एकोणीस दिवस. प्रमाण नेहमीचं, सत्तर-तीस: सत्तर भाग ग्लिसरीन, तीस भाग पातळ करणारं. चमचा तिरका केला की मधासारखं उतरलं पाहिजे. वाफ दाट, चव गोल, घशाला ओरखडा नाही. निकोटिनची छोटी बाटली वेगळी, कायद्याप्रमाणे. ती कार्डात असेल तेवढीच.

ग्लेनिस लेबलं चिकटवत होती. म्हणाली, "थोडं पातळ करून बघ की. त्या नव्या छोट्या यंत्रांत दाट ओढलं जात नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

"कुठले लोक?"

"नेव्ह, लोक म्हणजे लोक. त्यांची यादी नसते."

माझ्याकडे आहे. तिची लेबलं दोन मिलिमीटर डावीकडे जात होती, ती मी नंतर काढून पुन्हा लावली. तिच्या स्वेटरला आंब्यासारखा काहीतरी वास येत होता. नवा साबण असावा.

१ जून, रविवार

तेरा वर्षांत पहिल्यांदा रविवारी दुकान उघडलं. काच पुसली, बाकड्याला मेण लावलं, बटाट्याच्या पेस्ट्र्या मागवून ठेवल्या, चोवीस. दाराबाहेर पाटी: 'आता काय? आत या.'

दोघे आले. एका बाईला गाडी लावायला नाणी सुटी करून हवी होती. दुसरा विल्फ टॅटरसॉल. वय एकाहत्तर, जन्मभर बस चालवली, माझं कार्ड क्रमांक सतरा. नऊ वर्षं सिगारेटला शिवलेला नाही.

"गर्दी कुठाय?" विल्फ म्हणाला.

"रविवार आहे."

"हो ना. सगळे चर्चमध्ये असतील." आणि स्वतःच हसत सुटला, खोकला येईपर्यंत. चार पेस्ट्र्या त्याने घरी नेल्या.

३ जून, मंगळवार

कळलं. समोरच्या इम्तियाझच्या दुकानाची काच बघून आलो. इम्तियाझ म्हणजे कोपऱ्यावरचा. दूध, ब्रेड, लॉटरी, कांदे, सगळं विकतो. पस्तिशीचा असेल. बाप इथल्या गिरणीत होता.

काचेत तेच. तेच रंग, त्याच चवी, तीच किंमत. फक्त बुडाला चार्जिंगचं भोक केलंय आणि तोंडाकडचा भाग निघतो, म्हणून कायद्याने ते फेकायचं नाही. संपल्यावर त्याचं काय होतं ते बघायला दारातल्या कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. भरला होता. म्हणजे फेकायचं नाही, फक्त फेकलं जातं.

"काय बघताय बॉस?" इम्तियाझ आतून ओरडला. "एक नेऊन बघा. तुम्हाला फुकट."

मी म्हटलं, "मी वस्तू उघडून बघतो, फुंकून नाही."

"मग उघडा!"

आणलं, उघडलं. आत कापसाचा चिमूटभर तुकडा, शिवायच्या सुईएवढी तार, कुणीही मन लावलेलं नाही. चव आंब्याची म्हणे. आंबा कसला, आंब्याबद्दलची अफवा.

वास मात्र ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना.

१२ जून, गुरुवार

विल्फला वेपमधली तापणारी तार बदलता येईना. पेट्यांमधली ही गोष्ट माणसाने स्वतः करायची असते: जुनी तार काढा, नवी बसवा, कापूस ओवा, टोकं कातरा. त्याला मी २०१६ मध्ये शिकवलं होतं. आता त्याची बोटं वळत नाहीत. वीस मिनिटं झटत होता. मी हात लावला नाही. हात चालवले की मोकळे होतात.

"नेव्हिल, बाळा, मला ओढायचंय," तो म्हणाला. "घड्याळ दुरुस्त नाही करायचं."

म्हणून मी त्याला माझ्याकडचं एक छोटं तयार यंत्र दिलं, आणि त्यात माझं सत्तर-तीस भरून. बजावलं: भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, कापूस भिजू द्यायचा.

सायंकाळी परत आला. "जळकं लागतंय. टोस्ट ओढतोय असं वाटतं."

"थांबला नाहीस तू."

"थांबलो. पंधरा मिनिटं. बातम्या संपेपर्यंत."

"मग जोरात ओढतोस."

"पातळ नाही का काही तुझ्याकडे? इम्तियाझकडच्या बाटल्या पाण्यासारख्या असतात, त्या चालतात म्हणे यात."

मी त्याला सांगितलं की पाण्यासारख्या वस्तूला पाण्याएवढीच चव असते. त्याने यंत्र काउंटरवर ठेवलं, अगदी हळू, आणि म्हणाला, "बघतो मी." यंत्र माझ्या हिशेबाने निर्दोष आहे. त्याच्या फुप्फुसात जोर कमी झालाय, हे नोंदवतो.

२१ जून, शनिवार

अंदाजावर माणसाने चालू नये. आज दुकान बंद ठेवून बाजाराच्या चौकातल्या बाकावर दहा ते चार बसलो, थर्मास आणि वही घेऊन. प्रश्न एकच: या गावातली मोठी माणसं वेप घेतात कुठे?

तर: इम्तियाझकडे. सुपरमार्केटच्या सिगारेटच्या खिडकीवर, भाजीची ट्रॉली घेऊन. पेट्रोलपंपावर. न्हाव्याकडे, केस कापता कापता, आरशाखालच्या ड्रॉवरमधून. मोबाइलच्या काचा बदलणाऱ्याकडे. मिठाईच्या दुकानातसुद्धा, बरणीशेजारी. सहा तासांत एकशे त्रेचाळीस जण मोजले. कुणी चार मिनिटांपेक्षा जास्त थांबलं नाही. कुणाला कुणी काही विचारताना दिसलं नाही. जाता जाता, काड्यापेटी घ्यावी तसं.

माझ्या बंद दाराशी तिघे येऊन गेले. त्यांतला एक पोस्टमन.

त्या एकशे त्रेचाळीसांत एकोणीस जण माझ्या कार्डांतले. दोन हिरव्या शून्यांचे. मला बघून मिसेस हॅलिवेलनी छत्री उघडली. पाऊस नव्हता.

दोन वाजून दहा मिनिटांनी ग्लेनिस इम्तियाझकडे गेली. दोन सोळाला बाहेर आली. हातात दूध.

२२ जून, रविवार

ती भांडी विसळत असताना विचारलं.

"काल इम्तियाझकडे काय घेतलंस?"

"दूध."

"दुधाला दोन मिनिटं पुरतात. तू सहा मिनिटं आत होतीस."

ती वळली. हात एप्रनला पुसले, खिशातून काढून टेबलावर ठेवलं. पिवळं, लिपस्टिकच्या उंचीचं.

"रांग होती," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"आणि अक्रोडाचा?"

"कपाटात आहे. मऊ कापडात. तो काही मी टाकणार नाही, नेव्ह."

"मग का?"

ती बसली. "तुझ्याकडे बाटली मागितली की तू कार्ड काढतोस. बायकोचंसुद्धा. 'ग्लेनिस ऑर्मरॉड, मार्चमध्ये तीनवर यायचं होतं.' मी त्रेपन्न वर्षांची बाई. मला माझ्याच स्वयंपाकघरात प्रगतिपुस्तक? इम्तियाझ विचारतो, 'अजून काही?' मी म्हणते, 'नको रे.' झालं."

"त्याला तुझी काळजी नाही म्हणून तो विचारत नाही."

"असेल. पण किती बरं वाटतं ते तुला सांगू?"

तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिचं म्हणणं शांतपणे तपासलं. त्यातून निघतं ते एवढंच की कार्डाची भाषा थोडी कडक आहे. नव्या कार्डांवर 'कृपया' घालायचं.

२३ जून, सोमवार

'कृपया' घातलं. शंभर कार्डं. अक्षर चांगलं आलं.

९ जुलै, बुधवार

इम्तियाझकडे वर्तमानपत्र आणायला गेलो. काउंटरशी विल्फ. हातात निळं नळकांडं, वीसचं निकोटिन. वेष्टनावरची संख्या मला रस्त्यापलीकडून वाचता येते.

मी म्हटलं, "विल्फ, तू तीनवर होतास."

"हळू बोल, बाळा."

"अठरावरून तीनवर आणलं तुला. नऊ वर्षं. एक सप्टेंबरला शून्य. तारीख घातलीय कार्डावर. आणि एका दिवसात वीस?"

मागे चार माणसं होती. एकाने बूट न्याहाळायला सुरुवात केली.

"तू नाही आणलंस मला," विल्फ म्हणाला. "मी आलो. रोज सकाळी उठून मी आलो." मग ते निळं त्याने पुन्हा काउंटरवर ठेवलं. "राहू दे, इम्तियाझ."

"अहो घ्या ना, विल्फ. बॉसचं काय ऐकता, ते माझ्या कांद्यांनाही नावं ठेवतात."

"राहू दे म्हटलं ना." आणि गेला.

इम्तियाझने माझ्याकडे बघितलं, वर्तमानपत्राचे पैसे घेतले. कधी नव्हे ते 'अजून काही?' म्हणाला नाही.

विल्फला माझं म्हणणं पटलं. घेतल्याशिवाय गेला, यातच सगळं आलं. उद्या येईल.

१० जुलै

आला नाही.

१८ जुलै

नाही.

२६ जुलै, शनिवार

मुरलेल्या दोनशे चाळीसपैकी दोनशे सव्वीस शिल्लक. गेल्या त्यातल्या तीन बाटल्या परत आल्या, जळकट लागतं म्हणून. तिघांकडेही छोटी यंत्रं. तिघांनाही मी नीट समजावलं. तिघेही मान हलवत ऐकत होते, आणि तिघांनीही पैसे परत नकोत म्हणून सांगितलं. पैसे नको असणारं गिऱ्हाईक परत येत नसतं, हे मला कारखान्यात असतानाही माहीत होतं.

रात्री काट्यावर पन्नास-पन्नास मांडून बघितलं. फक्त बघितलं. चमच्यावरून पाण्यासारखं धावलं. ओतून टाकलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

बोलिंग खेळायच्या हिरवळीशेजारी भिंतीवर विल्फ बसला होता. बोटांत सिगारेट. मला बघून लपवली नाही.

मी शेजारी बसलो.

"कुठून घेतलीस?"

"इम्तियाझकडून. वाईट वाटलं पोराला. पैसे घेताना वर बघेना. दोनदा विचारलं मला, 'विल्फ, नक्की का?'"

म्हणजे तो विचारतो.

"माझ्याकडे यायचंस," मी म्हटलं.

"येऊन काय सांगू? कुठल्या रकान्यात बसवशील मला?" तो हसला, आणि तो खोकला ऐकून मी भिंतीची कड घट्ट धरली. "नऊ वर्षं चांगली गेली, नेव्हिल. खरंच. तुझ्यामुळे गेली. पण तुझ्या दुकानात मला नेहमी वाटायचं की मी गृहपाठ विसरून आलोय. म्हातारपणी नको वाटतं रे ते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात तेच जे तू म्हणशील. म्हणून त्यांच्याकडेही गेलो नाही."

घरी येऊन कार्ड क्रमांक सतरा काढलं. रकाना खरंच नाही. शून्यावर रस्ता संपतो, असं धरूनच मी कार्डं आखली होती. माघारीचं लिहायचं कुठे आणि कोणत्या शाईने, ते ठरेना. शेवटी मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं.

यात इम्तियाझच्या दुकानाचा दोष आहे, असं लिहायला बसलो होतो. लिहिलंय. पण वाचून बघताना ते वाक्य सरळ उभं राहत नाही; का ते कळत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

गिऱ्हाईक: नाही. काउंटरला तेल दिलं.

३ सप्टेंबर, बुधवार

मालकाचं पत्र. सही की किल्ल्या. ग्लेनिसने वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं, मूळ घडीवर. तेरा वर्षांत ती माझ्याकडून एवढं शिकली.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. असं मी क्वचित विचारतो.

"तुला माणसांना सोडवायला आवडतं," ती म्हणाली. "दुकान त्यासाठी होतं. मधेच कधीतरी माणसं दुकानासाठी झाली."

हे तिने आधी कुणाशी तरी बोलून ठेवलं असावं. फार घडवलेलं वाक्य होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी साडेबाराला इम्तियाझ आला. स्वतःचं दुकान बंद करून. त्याचं दार बंद असलेलं मी आजवर फक्त ईदला पाहिलंय. चाखायच्या बाकड्यावर बसला. त्यावर कितीतरी दिवसांनी कुणी बसलं.

"बॉस, सरळ बोलतो," तो म्हणाला. "दिवसाला पंधरा-वीस जण मला विचारतात: सिगारेट सुटेल असं कुठलं घेऊ? मी म्हणतो, निळं घ्या. मला काय कळतं? मी निळं म्हणतो कारण निळं जास्त आहे माझ्याकडे. विल्फना पाकीट देतो तेव्हा झोप येत नाही मला. तुम्ही या. माझ्या दुकानात. ब्रेडचा रॅक हलवतो, खुर्ची टाकतो. विचारतील त्याला सांगा."

"आणि या पेट्या? मिश्रणं?"

त्याने खणांकडे बघितलं. चांगल्या मनाचा आहे, वेळ लावला. "पेट्या सुंदरच आहेत, बॉस. पण कोण घेणार? मिश्रण ठेवू की. पन्नास-पन्नास केलंत तर सगळ्या यंत्रांत चालेल. आणि कार्ड..." त्याने मान खाजवली. "कार्ड मागितलं तर काढा. मागितलं नाही, तर 'अजून काही?' एवढंच."

"हे तुला ग्लेनिसने सांगितलं."

"आम्ही बोललो," तो म्हणाला. "त्या चहा करतात तेव्हा माणूस बोलतोच."

मी त्याला सांगितलं की मी विचार करतो. विचार करण्यासारखं काही नव्हतं, पण त्याने दुकान बंद ठेवलं होतं, लगेच नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नाही म्हणून आलो. तो कांद्यांची गोणी फोडत होता. "विल्फसाठी तरी?" म्हणाला. मी म्हटलं, चुकीच्या प्रमाणावर माझं नाव लागणार नाही. तो म्हणाला, "नाव लावायचं कुणी म्हटलं, बॉस?"

ग्लेनिस रडली नाही. कोट घातला. "मग मी जाते," म्हणाली. "खुर्ची रिकामी ठेवण्यात काय अर्थ? मलाही थोडं माहीत आहे. मी सोडलीय एकदा." दारातून परत आली, माझी कॉलर सरळ केली, आणि गेली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रस्त्यापलीकडून दिसतं. ती बसते, ब्रेडचा रॅक होता तिथे. आज अकरा जणांशी बोलली. हसतात. काही कागद काढत नाही. विल्फ बाहेरूनच गेला, तिने काचेवर टकटक केली. तो थांबला, हात हलवला, आत गेला नाही. सिगारेट अर्धी राहिली होती, ती संपवत गेला.

मी असतो तर थांबला असता का, हा प्रश्न मोजता येत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

दहा वाजता किल्ल्या दिल्या, चारही, खुणेच्या चिठ्ठ्यांसकट. मालकाच्या माणसाने चिठ्ठ्या काढून खिशात टाकल्या. काउंटर तिथेच राहतो. पुढचा भाडेकरू नखं रंगवायचं दुकान काढणार आहे. पेट्या आणि कार्डं शेडमध्ये. दोनशे सव्वीस बाटल्या महापालिकेच्या रसायनांच्या डब्यात. तिथल्या माणसाने विचारलं, यात काय आहे, मी सांगायला लागलो, तो म्हणाला, फक्त पेटतं का नाही तेवढं सांगा.

विल्फला काल रुग्णवाहिकेने बर्नलीच्या इस्पितळात नेलं. ग्लेनिस सोबत गेली आहे, अजून फोन नाही.

नोंद अर्धवट राहू नये म्हणून जे नाकारलं तेही लिहून ठेवतो. इम्तियाझने देऊ केलं होतं: मंगळवार ते शनिवार, सकाळी नऊ ते एक, एक खुर्ची, चहा, आणि जो विचारेल त्याला खरं ते सांगणं. तासाला चौदा पौंड. आठवड्याचे दोनशे ऐंशी.